बाटलीवरची रेघ

चुडामण नाना सकाळपासून चार पिकलेली केळी शोधत होते आणि ते रावेरमध्ये होते, हीच सगळी पंचाईत होती.

बाहेरच्या माणसाला हे पटायचं नाही. रावेर म्हणजे केळी आणि केळी म्हणजे रावेर. गावाच्या चारी बाजूंना बागा, रस्त्यावर केळीचे ट्रॅक्टर, नाक्यावर केळीचे ट्रक. पण ही सगळी केळी हिरवीगार कापली जातात, खोक्यात बसतात आणि पिकायला दिल्लीला जातात. बागेत घड पिवळा दिसला तर इथला शेतकरी नुकसान मोजायला लागतो. खाण्यापुरती पिकलेली केळी भिकनच्या हातगाडीवर मिळायची, तर भिकन नेमका मेहुणीच्या लग्नाला पारोळ्याला जाऊन बसलेला. नानांच्या स्वतःच्या शेतात केळीची बाग डोलत होती आणि घरात खायला एक केळं नव्हतं. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, ते असं.

शेवटी नाना समोरच्या कांतीलालच्या किराणा दुकानात गेले.

"कांतीशेठ, पिकेल केयी हायेत का घरात?"

"आहेत ना. उद्या चौदस. आमच्या जैनांत उद्या हिरवं काही चालत नाही. आमच्या हिने गव्हाच्या कोठीत पिकत घातलीत. किती देऊ?"

"चार."

"कशाला?"

नाना छताकडे बघू लागले. कांतीलालने हात वर केला. "राहू द्या, सांगू नका. मी शेजाऱ्याला केळी दिली. पुढे त्या केळ्यांच्या नशिबात काय आहे ते मला ठाऊक नाही."

ठाऊक सगळं होतं. गल्लीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. नाना आरमारात होते, जहाजाचं भांडार सांभाळायचे. त्यांचे त्या वेळचे साहेब, कमांडर रणदिवे, पुण्याहून बुऱ्हाणपूरला लग्नाला चालले होते आणि वाटेत दुपारी नानांकडे थांबणार होते. फोनवर साहेब म्हणाले होते, "चुडामण, तुझ्या हातचं ते पिवळं कॉकटेल मिळेल का रे? त्यानंतर तसं कुठेच प्यालो नाही." झालं. तेव्हापासून नाना जमिनीवर नव्हते. अननसाचा रस, नारळाचं दूध, कुस्करलेलं केळं, लिंबू, वरून किसलेलं जायफळ आणि या सगळ्यात रम, असं ते प्रकरण होतं. उष्ण समुद्रात जहाज असलं की सणावारी नाना ते पातेलं भरून करायचे आणि साहेब पातेल्याशेजारून हलायचे नाहीत.

रमची मात्र अडचण नव्हती. रम घरात होती. नुसती होती नाही, बैठकीतल्या काचेच्या कपाटात साहेबांच्या फोटोशेजारी मानाने बसलेली होती. नाना निवृत्त झाले त्या दिवशी साहेबांनी ती भेट दिली होती. परदेशी बंदरातली, जुन्या आरमारी पद्धतीची, दुकानातल्या रमपेक्षा चांगली कडक. नानांनी त्यातली एकदाच घोटभर घेतली. मग डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि नानांची रम बंद केली. त्या दिवशी नानांनी लेबलवर, रम जिथवर होती तिथे, पेनाने एक रेघ मारली. दर रविवारी ते बाटली पुसायचे, रेघ बघायचे आणि बाटली पुन्हा जागेवर ठेवायचे. रेघ कधी सरकली नाही.

ही रेघ गंमत म्हणून मारलेली नव्हती. त्यामागे एक जखम होती. जहाजावर असताना एकदा रमच्या पिंपात भेसळ सापडली. भांडाराची किल्ली एकट्या नानांकडे. चौकशी बसली, बाकीचे खलाशी नानांकडे बघून कुजबुजू लागले, नानांचं अन्न तुटलं. तेव्हा रणदिवे साहेब, नवे नवे अधिकारी, मिसरूड फुटलेलं पोर म्हणा, चौकशीत उभे राहिले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "हे चुडामणने केलेलं नाही. मी खात्रीने सांगतो." एवढ्यावर नाना सुटले. पण चोर सापडला नाही, आणि चोर सापडला नाही की संशय कुणाच्या ना कुणाच्या अंगाला चिकटून राहतोच. नानांना त्या आठवणीने अजून झोपेत दचकायला व्हायचं. ज्या माणसाने तेव्हा आपल्यासाठी शब्द टाकला, तो माणूस आज आपल्या घरी येऊन आपल्या हातची रम पिणार होता.

घरात मंजुळाबाईंचा पवित्रा वेगळा होता. त्यांचं माहेर साक्रीकडचं. सगळी हयात रावेरात काढली, पण बोली माहेरची ती माहेरचीच ठेवली.

"मना मिक्सरमा दारू घालशात तं मी चूल निराळी मांडसू," त्या भरताची वांगी भाजता भाजता म्हणाल्या.

"मिक्सरात नुसतं केयं नि अननस. रम नंतर पेल्यात."

"आनी पेला कोना? मना पूजाना पितळी पेला लेवानं नई."

"काचेचे घेतो, बाई."

"ती बाटली फोडालेच पाहिजे का आज? साहेबले नुसतं सरबत चालनार नई का?"

"रम नाही तं कॉकटेल कशाचं?" नाना म्हणाले. मंजुळाबाई वांग्यावर जरा जास्तच जोराने फुंकर मारत राहिल्या. एरवी त्या एवढ्या वेळात चार वेळा उठबस करायच्या. गुडघ्यांनी त्यांना एके काळी अगदी जेरीस आणलं होतं, पण अलीकडे त्या बाजारात पायी जाऊन पायी यायच्या. आज मात्र त्या चुलीसमोरून हलल्या नाहीत.

साहेब आले. केस पांढरे झालेले, हातात काठी, पण पाठ तशीच ताठ. नानांनी दारातच सलाम ठोकला. साहेबांना बघायला आलेल्या कांतीलालनेही सलाम केला, मग आपण किराणा दुकानदार आहोत हे आठवून नमस्कार केला.

"हे आमचे शेजारी, कांतीलालशेठ. केळी यांचीच," नाना म्हणाले.

"मी घेत नाही हां, साहेब," कांतीलाल घाईने म्हणाला. "लांब बसतो. नुसतं बघतो."

"बसा की. आमच्याकडे पेला बसूनच उंचावतात," साहेब हसले. "जुन्या जहाजांची छतं ठेंगणी. उभं राहिलं की टाळकं आपटायचं. म्हणून आरमाराला बसायची परवानगी."

कांतीलाल निवांत बसला. मेजावर नानांनी सगळा थाट मांडला होता. मोठ्या काचेच्या जगमध्ये पिवळंधमक मिश्रण, पेले, लिंबाच्या फोडी, जायफळ आणि किसणी. मध्यभागी बाटली. तिच्याशेजारी एक चिनी मातीची बशी आणि तीत दिवाळीतल्या उरलेल्या भुईनळ्याची काळी भुकटी.

"हे काय रे?" साहेबांनी विचारलं.

"परीक्षा, साहेब." नानांचा आवाज एकदम पोटातून आला. हे पुराण त्यांनी न्हाव्याच्या दुकानापासून सोसायटीच्या सभेपर्यंत सगळीकडे लावलेलं होतं, पण आज खरा श्रोता समोर होता. "शेठ, ऐका. गोऱ्यांच्या आरमारात खलाशाला रोज मापाने रम मिळायची. पण वाटणारा लबाड निघाला तर? पाणी घातलं तर? म्हणून खलाशी काय करायचे, बंदुकीच्या दारूवर रम ओतायचे आणि पेटवायचे. भडकली तर रम अस्सल. नाही भडकली तर वाटणाऱ्याची खैर नाही."

"आमच्याकडे तूप असं तपासलं तर दुकान जळेल," कांतीलाल म्हणाला.

"राहू दे रे चुडामण," साहेब म्हणाले. "माझा तुझ्यावर अविश्वास आहे का?"

"तेच तर, साहेब. तुम्ही तेव्हा परीक्षा न घेता शब्द दिला. माझ्या मनाला ते लागून राहिलंय. आज एकदा होऊन जाऊ द्या."

साहेबांनी काठीची मूठ दोनदा हातात फिरवली. नानांनी बूच काढलं, चमचाभर रम भुकटीवर ओतली, काडी ओढली आणि बशीला लावली.

काडी विझली.

नानांनी दुसरी ओढली. तीही चुर्र करून विझली. तिसरी काडी त्यांनी बोट भाजेपर्यंत धरली. भुकटीचा चिखल नुसता चमकत राहिला.

"भुकटी सादळली असेल," कांतीलालने धीर दिला. "थंडीचे दिवस आहेत."

बुडत्याला काडीचा आधार. नानांनी पुडीतली चिमूटभर कोरडी भुकटी मेजाच्या कडेला ठेवली आणि काडी लावली. भस्सकन जाळ उठला, कांतीलाल खुर्चीसकट मागे सरकला आणि मेजावरच्या फुलाफुलांच्या प्लास्टिकला रुपयाएवढं भोक पडलं. खोलीभर दिवाळीचा वास सुटला.

"म्हणजे भुकटी चांगली आहे," कांतीलाल म्हणाला. बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं, पण नानांना त्या क्षणी मेजावरचा जग त्याच्या डोक्यात घालावासा वाटला.

भुकटी चांगली, म्हणजे रम खोटी. आणि रम खोटी, म्हणजे... नानांनी बाटली उचलून रेघ बघितली. रम रेघेला टेकून, हूं की चूं न करता उभी होती.

"साहेब, मी नाही केलं," नाना म्हणाले. त्यांचा आवाज फाटला. भर चौकशीत त्यांनी हेच शब्द म्हटले होते, अगदी याच आवाजात.

"अरे, मी कुठे म्हटलं?"

"कपाट माझं. किल्ली माझ्या बंडीच्या खिशात. मी एक थेंब..."

"नाना, वाईट वाटून घेऊ नका," कांतीलाल समजुतीच्या सुरात म्हणाला, "पण मी जन्मभर तेलतूप विकतोय. बाहेरचा चोर असता तर बाटली घेऊन गेला असता. पुन्हा भरून ठेवायची तसदी घेतो तो नेहमी घरचाच माणूस."

घरची माणसं दोन. मुलगा-सून पुण्याला. मंजुळाबाई दारूचं नाव काढलं तरी पदर नाकाला लावणाऱ्या. म्हणजे उरलं कोण? नानांना वाटलं, झालं, इतक्या वर्षांनी चौकशी पुरी झाली आणि निकाल आपल्या विरुद्ध लागला.

साहेबांनी बाटली हातातून घेतली. पेल्यात थोडी ओतली, एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

"उत्तम आहे," ते म्हणाले.

"साहेब?"

"अरे वेड्या, ही खलाशाची रम आहे. गोऱ्यांच्या एका दर्यासारंगाने हुकूमच काढला होता, खलाशांना रम नुसती द्यायची नाही, पाणी घालून द्यायची. ती कशी पेटेल? तू परंपरा पाळलीस. घाल ती जगमध्ये."

नानांना परंपरा पुरेपूर ठाऊक होती. साहेब आपल्याला वाचवायला बघताहेत हेही कळत होतं, आणि त्याने जास्तच लाज वाटत होती. "पण ते पाणी हुकमाने घालायचे, साहेब. यात कुणी घातलं? माझ्या घरात, माझ्या नाकासमोर?"

स्वयंपाकघराचा पडदा हलला. मंजुळाबाई बाहेर आल्या. गप्प बसल्या असत्या तर प्रकरण मिटलंही असतं. साहेबांनी ते अर्धंअधिक मिटवत आणलेलंच होतं. पण नवऱ्याचा तो फाटका आवाज त्यांनी आत उभ्याने ऐकला होता.

"साहेब, ह्या माणूसवर काय बी आळ लेऊ नका," त्या म्हणाल्या. "हाऊ माणूस सरळ शे. ती रम मी काढी. बठ्ठी रम मना गुडघास्मा शे."

नानांनी बाटलीकडे बघितलं, मग बायकोच्या पायांकडे.

"गुडघ्यात?" नाना म्हणाले.

"चोळाले. साक्रीनी भिकुबाईनी सांगेल व्हतं, कडक दारूमा कापूर टाकीसन चोळ. मी तुमले मांगी व्हती. आठवस का? तुमी काय बोलनात?"

नानांना आठवलं. ते बोलले होते, साहेबांची भेट गुडघ्यांना फासायला नाही. त्या वेळी मंजुळाबाईंना न्हाणीघराची पायरी चढवत नव्हती, आणि नाना बाटली पुसत बसले होते.

"मग रेघ?"

"तुमी रविवारले रेघ देखतस. मी शनिवारले रेघपावत कोरा चहा भरी देस. किल्ली तं तुमी न्हाताना खुंटीवरच ऱ्हास."

नानांनी साहेबांचा पेला उचलून ओठाला लावला. गवती चहा. अंगणातल्या, साक्रीहून आणून लावलेल्या बेटातला, रोज सकाळी ते स्वतः पीत होते तोच. दर रविवारी त्यांनी फडक्याने पुसून पुसून तो जपला होता. त्यांना हसावं का रडावं कळेना. मंजुळाबाई मान खाली घालून उभ्या होत्या, आणि पायी बाजारला जाणारे त्यांचे दोन्ही पाय लुगड्याखाली अगदी चोरासारखे जवळ जवळ ठेवलेले होते. बायकोला चहा चोरून ओतावा लागला तो आपल्यामुळे, असं नानांना लख्ख वाटलं.

साहेबांनी मात्र काठी बाजूला ठेवली आणि मंजुळाबाईंकडे कौतुकाने बघितलं.

"वहिनी, काम छान केलंत. फक्त एक चुकलं," ते म्हणाले. "गवती चहा घालायचा नाही. वास लागतो. नुसती पत्ती घ्यायची, दोनदा उकळायची, फडक्यातून दोनदा गाळायची. आणि चहा पूर्ण गार झाल्यावरच ओतायचा. गरम ओतला तर आतून वाफ धरते आणि माणूस पकडला जातो. आम्ही पंख्याखाली..."

साहेब थांबले. पेल्यांकडे बघू लागले.

नाना हळूच खाली बसले. "साहेब," ते म्हणाले, "त्या पिंपातही कोरा चहाच निघाला होता."

"हो का?"

"चौकशीत आलं होतं. आणि तुम्ही छातीवर हात ठेवून म्हणालात, चुडामणने केलेलं नाही, मी खात्रीने सांगतो. मी जन्मभर विचार करतोय, साहेब. किल्ली माझ्याकडे, पुरावा माझ्यावर. तुम्हाला एवढी खात्री कशी होती?"

साहेबांनी जग पुढे ओढला आणि आत निरखून बघितलं. त्यांचे कान लाल झाले होते. "चुडामण, हे जरा गोड झालंय असं वाटतं," ते म्हणाले. "लिंबू पिळ थोडं."

"मी म्हटलं ना, घरचाच..." कांतीलालने सुरुवात केली. मंजुळाबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की वाक्य तिथेच राहिलं.

नानांनी लिंबाची फोड उचलली. ज्या फोटोला त्यांनी वर्षानुवर्षं बाटलीशेजारी जपलं होतं, त्या फोटोकडे त्यांनी एकदा बघितलं, मग साहेबांच्या लाल कानांकडे. आणि त्यांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून, मग थांबवता येईना. इतकी वर्षं छातीवर घेऊन फिरलेला धोंडा खाली पडला होता आणि तो पडला कुणाच्या पायावर, तर खुद्द साहेबांच्या. साहेबही हसू लागले, डोळे पुसू लागले. "खरं सांगू, आम्ही तिघं अधिकारी होतो. किल्ली तेव्हाही तू न्हाताना खुंटीवरच असायची," ते हळूच म्हणाले. "कितीदा वाटलं तुला सांगावं. धीरच झाला नाही रे. बुऱ्हाणपूरच्या लग्नाचं निमित्त केलं, नाहीतर मी कुणाच्या लग्नाला जातो?"

"बसा, साहेब. भरीत गार होतंय," नाना म्हणाले.

बाटलीतला चहा मंजुळाबाईंनी गवती चहाच्याच बेटाला घातला. जगातलं पिवळं मिश्रण बिनरमचंच उरलं. त्यात थेंबभरही दारू नाही याची दोनदा खात्री करून कांतीलाल लांबून जवळ सरकला आणि त्याने तीन पेले घेतले. "केळी माझी होती ना," तो म्हणाला. वरून जायफळ किसलेलं होतं. साहेब म्हणाले, चव तीच आहे.

निघताना साहेबांनी गाडीतून एक नवी बाटली काढली आणि नानांच्या हातात ठेवली. नानांनी सलाम ठोकला. गाडी नाक्यावरच्या केळीच्या ट्रकांमध्ये दिसेनाशी झाली तेव्हा ते आत आले, सवयीने कपाट उघडलं, बाटली फोटोशेजारी ठेवली आणि रेघ मारायला खिशातून पेन काढलं.

पेन तसंच हातात राहिलं. मग त्यांनी ते खिशात घातलं, बाटली पुन्हा उचलली आणि स्वयंपाकघरात गेले. मंजुळाबाई पाटावर बसून पाय चेपत होत्या. दिवसभर चुलीसमोर बसून गुडघे धरले होते.

"रेघ नई मारी का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"काबर?"

"इतकी वर्षं रेघ जागेवर होती. काय कळलं तिच्याने?" नाना म्हणाले. "कापूर कुठे ठेवतेस?"

मंजुळाबाईंनी बोटाने फळी दाखवली. नानांनी वाटीत रम ओतली, कापूर चुरला, आणि त्यांच्या पायाशी खाली बसले.

"तुमी कसाले? मी करस ना."

"गप बस," नाना म्हणाले. "आमच्याकडे हे बसूनच करतात."